साडेतीन फुटांची चाकोरी : बुलेट ट्रेन समजून घ्यायची तर जपानचे जुने रूळ बघा

आमच्या घरात मी ‘रेल्वेवाला’ म्हणून ओळखला जातो. रेल्वेत नोकरी वगैरे काही नाही, नुसतं वेड. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत असो की बारशाला, कुणीतरी हमखास विचारतं, “काय रे, त्या बुलेट ट्रेनचं कुठवर आलं?” मागच्या दिवाळीत विरारच्या काकांनी मात्र फराळाच्या ताटावरून वेगळाच प्रश्न टाकला. “पालघरकडे जाताना बघतो मी. एवढाले खांब उभे करतायत. कशाला? आपल्याकडे रूळ आहेतच की! जपानकडून नुसती गाडी आणायची आणि सोडायची रुळांवर.”

सगळे हसले. मी नाही हसलो, कारण प्रश्न एकदम रास्त आहे. जपानमध्येही हा प्रश्न विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर शोधता शोधताच बुलेट ट्रेन जन्माला आली. ते उत्तर एका आकड्यात आहे. आपल्याकडे साडेतीन मुहूर्त आहेत, साडेतीन शक्तिपीठं आहेत, पेशवाईतले साडेतीन शहाणे आहेत. जपानच्या रेल्वेकडे आहेत साडेतीन फूट.

## चाकोरी म्हणजे काय

रेल्वेच्या दोन रुळांच्या आतल्या कडांमधल्या अंतराला गेज म्हणतात. ब्रॉडगेज, नॅरोगेज हे शब्द आपल्या कानावरून गेलेले असतात. मराठीत याच कल्पनेला पूर्वीपासून एक झकास शब्द आहे : चाकोरी. कच्च्या रस्त्यावर बैलगाडीच्या चाकांनी पडलेल्या दोन खोल रेघा. गाडी त्यातूनच जाते, आणि त्या रेघांशी न जुळणारी गाडी आणलीत तर आस मोडतो. गेज म्हणजे लोखंडी चाकोरी.

आपली भारतीय ब्रॉडगेज साडेपाच फुटांची, म्हणजे १६७६ मिलिमीटर. युरोपात बहुतेक ठिकाणी ती १४३५ मिलिमीटर आहे. तिला स्टँडर्ड गेज म्हणतात. माथेरानची राणी जेमतेम दोन फुटांवर चालते. आणि जपानच्या जुन्या रेल्वेची चाकोरी साडेतीन फूट : १०६७ मिलिमीटर.

रुंदीने काय फरक पडतो हे मुंबईच्या लोकलमध्ये रोज कळतं. हाताला कडी लागली नाही की आपण काय करतो? पाय फाकवून उभे राहतो. पाय जुळवून उभा राहिलेला माणूस पहिल्याच सांध्यावर शेजारच्याच्या अंगावर जातो. गाडीचंही तेच. रूळ जवळ जवळ असले की वळणावर वेग आवरता घ्यावा लागतो. वाफेच्या काळात तर रुळांमधली जागा कमी म्हणून बॉयलर आणि इंजिनातली कोळशाची भट्टी मनासारखी मोठी करणंही अवघड जायचं.

मग अरुंद गेज घेतं कोण? ज्याच्याकडे पैसे कमी आणि डोंगर जास्त, तो. अरुंद रुळांना तीव्र वळण चालतं. डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालता येतो, बोगदे लहान होतात, पूल हलके होतात.

## पैसे कमी, डोंगर जास्त

१८७० च्या सुमारास जपानची स्थिती नेमकी अशीच होती. शोगुन या लष्करी सरदारांची सत्ता जाऊन सम्राटाचं मेइजी सरकार येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. रेल्वे हवी होती, खजिना रिकामा होता. एडमंड मोरेल हा इंग्रज अभियंता मुख्य म्हणून आला. सरकारात ओकुमा शिगेनोबु आणि लंडनला शिकून आलेला इनोए मासारू हे रेल्वेचे खंदे समर्थक होते. गेज ठरवायची वेळ आली तेव्हा साडेतीन फूट ठरलं. पुढे म्हातारपणी ओकुमांनी ही आपली मोठी चूक होती असं कबूल केल्याचं सांगतात. मला विचाराल तर तेव्हा तो निर्णय चुकीचा नव्हता. दोन खोल्यांचं घर घेताना पुढे नातवंडं किती होतील याचा हिशोब कोण करतं?

१८७२ च्या १४ ऑक्टोबरला तोक्योतल्या शिंबाशीपासून योकोहामापर्यंत पहिली गाडी रीतसर सुरू झाली. अंतर २९ किलोमीटर, वेळ ५३ मिनिटं. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्याच्या १९ वर्षं आधीची. गंमत म्हणजे आपल्या जीआयपी रेल्वेची (आजच्या मध्य रेल्वेची) पहिली इंजिनं आणि जपानचं १ नंबरचं इंजिन, दोन्ही इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्री या एकाच कारखान्यातली. मोरेल मात्र उद्घाटन बघायला राहिला नाही. तो १८७१ मध्ये क्षयाने गेला आणि योकोहामाच्या परदेशी दफनभूमीत त्याचं थडगं आहे.

या मार्गाचा एक तुकडा चक्क समुद्रात होता. लष्कराने आपली जमीन द्यायला नकार दिला, म्हणून ताकानावाजवळ उथळ पाण्यात दगडी बांध घालून त्यावरून रूळ नेले. पुढे समुद्र भरत गेला, बांध मातीखाली गेला आणि लोक विसरले. २०१९ मध्ये ताकानावा गेटवे स्टेशनच्या आसपास नव्या इमारतींसाठी खोदकाम चालू असताना ते दगड पुन्हा वर आले. थोडा भाग जपला, बराच भाग इमारतींनी घेतला. त्यावरून तिथल्या रेल्वेवेड्यांमध्ये अजून हळहळ आहे.

१ नंबरचं इंजिन आज तोक्योजवळच्या ओमियाच्या रेल्वे संग्रहालयात आहे. मधली कित्येक वर्षं ते दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरच्या शिमाबारा या छोट्या खासगी रेल्वेत राबत होतं. १९३० मध्ये ते जपून ठेवण्यासाठी परत मागवलं, तेव्हा शिमाबाराच्या प्रमुखाने इंजिनाच्या अंगावर एक पट्टी ठोकली : निरोपाचं दुःख मोजता येत नाही, अशा अर्थाची. ती अजून तिथे आहे. लेक सासरी पाठवताना बापाने लिहावं तसं एका कंपनीच्या मालकाने इंजिनासाठी लिहिलं, हे मला फार आवडतं.

## मग जुने रूळच रुंद का नाही केले?

करायचं जवळजवळ ठरलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमध्ये गेजवरून अक्षरशः दोन तट पडले. गोतो शिंपे आणि त्यांच्या बाजूचे अभियंते म्हणत, आधी आहेत ते रूळ रुंद करा. हारा ताकाशी आणि त्यांच्या पक्षाचं म्हणणं, आधी नवे रूळ टाका, रुंदीचं नंतर बघू.

अभियंत्यांच्या बाजूला शिमा यासुजिरो नावाचा माणूस होता. हे आडनाव लक्षात ठेवा. त्याने १९१७ मध्ये योकोहामा लाइनच्या एका तुकड्यावर जादा रूळ टाकून रुंद गेजचा प्रयोग करून दाखवला. काम होतं, फार खर्चही नाही, हे सिद्ध झालं. पण गावोगावच्या पुढाऱ्यांना रुंद रुळांमध्ये रस नव्हता. त्यांना आपल्या गावात स्टेशन हवं होतं, कारण मतं स्टेशनला मिळतात. पाटाचं पाणी आपल्याच शेतात वळवणं अशी एक म्हण जपानीत आहे. तिच्यातलं ‘पाणी’ काढून ‘लोखंड’ घातलं आणि नवी म्हण तयार झाली : लोखंड आपल्याच शेतात वळवणं. आपल्या पोळीवर तूप ओढणारे सगळीकडे सारखेच. हारा पंतप्रधान झाले आणि १९१९ मध्ये रुंदीकरणाचा विषय बंद झाला. शिमा रेल्वे सोडून गेला.

वीस वर्षांनी परिस्थिती बदलली. चीनशी युद्ध चालू, तोक्यो ते शिमोनोसेकी या मार्गावर गाड्यांची कोंडी. आता जुने रूळ उखडून रुंद करणं शक्यच नव्हतं, कारण रोजची वाहतूक थांबवणार कशी? चालू घराचं जोतं बदलता येत नाही. तेव्हा सरकारने ठरवलं, जुन्याला हात लावायचा नाही. शेजारून स्टँडर्ड गेजची पूर्ण नवी लाइन टाकायची, ताशी २०० किलोमीटरची. लोक तिला दांगान रेश्शा म्हणू लागले. दांगान म्हणजे बंदुकीची गोळी. ‘बुलेट ट्रेन’ हे नाव तिथून आलं. योजनेच्या अभ्यासाची धुरा कुणाकडे दिली? त्याच शिमा यासुजिरोकडे.

जमिनी घेतल्या, बोगद्यांना हात घातला, आणि १९४३ मध्ये युद्धाने सगळं ठप्प केलं. पण शिझुओका प्रांतात कान्नामी इथे बोगद्याच्या कामगारांसाठी एक वस्ती उठली होती, ती राहिली. त्या वस्तीचं नाव आजही ‘शिनकानसेन’ आहे. बुलेट ट्रेन धावायच्या वीसेक वर्षं आधीपासून!

## शिनकानसेन हे गाडीचं नाव नाही

इथे एक गैरसमज काढून टाकू. शिन म्हणजे नवा, कानसेन म्हणजे मुख्य मार्ग. शिनकानसेन म्हणजे ‘नवा मुख्य मार्ग’. ते लाइनचं नाव आहे. निमुळत्या नाकाची ती पांढरी गाडी ही त्या मार्गावर धावणारी एक वस्तू, इतकंच. आपण इंग्रजीच्या नादाने ‘ट्रेन’ म्हणत बसलो आणि सगळं लक्ष नाकाकडे गेलं. काकांचा प्रश्नही तिथूनच आला.

युद्धानंतर ही कल्पना पुन्हा काढली ती यासुजिरोच्या मुलाने, शिमा हिदेओने. हा माणूस वाफेच्या इंजिनांचा. जपानचं सगळ्यात लाडकं इंजिन, देगोइची म्हणजे डी-५१, त्याच्या हाताखाली तयार झालं. अशी १,११५ इंजिनं बांधली गेली. १९५१ मध्ये योकोहामाच्या साकुरागिचो स्टेशनात गाडीला आग लागून १०६ माणसं गेली, तेव्हा तो राष्ट्रीय रेल्वेतून बाहेर पडला होता. १९५५ मध्ये ७१ वर्षांचे सोगो शिंजी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी हिदेओला परत बोलावलं.

तो काळ असा की जगभर रेल्वे म्हणजे संपत आलेला धंदा मानला जायचा. अमेरिकेत महामार्ग आणि विमानं. असं असताना मे १९५७ मध्ये तोक्योतल्या गिंझा भागातल्या एका सभागृहात रेल्वे संशोधन संस्थेच्या लोकांनी जाहीर व्याख्यान दिलं : तोक्यो ते ओसाका तीन तासांत जाणं शक्य आहे. तेव्हा त्याच अंतराला साडेसात तास लागत होते.

बोलणाऱ्यांमध्ये युद्धकाळात विमानांवर काम केलेले अभियंते होते. मात्सुदाइरा तादाशी हा त्यांतला एक. लढाऊ विमानांचे पंख वेगात थरथरून तुटायचे, त्याचा अभ्यास त्याने केला होता. रेल्वेत तसाच एक रोग आहे. मॉलमधली ट्रॉली जोरात ढकला, पुढचं चाक फडफडायला लागतं ना? गाडीची चाकंही एका वेगानंतर दोन रुळांमध्ये नागमोडी झुलायला लागतात आणि शेवटी रूळ सोडतात. त्याआधी लोक म्हणत, रूळ वाकडे असतात म्हणून हे होतं. मात्सुदाइराने दाखवलं की दोष चाकांच्या जोडणीत आहे, आणि स्प्रिंगा नीट बसवल्या तर हा वेग पुष्कळ पुढे ढकलता येतो.

दुसरी गोष्ट आपल्याला ओळखीची आहे. शिनकानसेनला इंजिन नसतं. मुंबईच्या लोकलसारख्या डब्याडब्यांखाली मोटरी. १९६४ च्या पहिल्या गाडीत तर प्रत्येक डबा मोटरचा होता. एका दांडग्या बैलाने रथ ओढण्याऐवजी पालखीला अनेक भोई लावावेत, तसं. कुणा एकावर भार येत नाही, रुळांवरही येत नाही.

तिसरी गोष्ट सिग्नलची. ताशी २१० ने जाताना बाजूच्या खांबावरचा दिवा बघून ब्रेक मारणं मोटरमनला जमणार नाही. म्हणून किती वेगाने जायचं हे मोटरमनच्या समोरच उमटायचं, आणि त्याने ऐकलं नाही तर गाडी स्वतःच वेग कमी करायची.

खर्चाची गोष्ट मात्र चविष्ट आहे. सोगोंना ठाऊक होतं की खरा आकडा सांगितला तर संसद हो म्हणणार नाही. त्यांनी तो कमी सांगितला. मग जागतिक बँकेकडून १९६१ मध्ये ८ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. रक्कम एकूण खर्चाच्या मानाने लहान, पण एकदा बाहेरच्या बँकेशी करार झाला की सरकारला माघार घेता येत नाही. खर्च जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ मध्ये सोगो गेले, पाठोपाठ हिदेओही. १ ऑक्टोबर १९६४ ला सकाळी सहाला हिकारी नावाची पहिली गाडी तोक्योहून सुटली, त्या समारंभाचं निमंत्रण दोघांनाही नव्हतं. हिदेओने ते घरी टीव्हीवर पाहिलं. आज तोक्यो स्टेशनात १८ आणि १९ नंबर प्लॅटफॉर्मच्या टोकाला सोगोंचा चेहरा कोरलेली पाटी आहे. गाडी पकडायच्या घाईत तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

## काकांच्या प्रश्नाचं उत्तर : तीच गाडी, जुन्या रुळांवर

आता म्हणाल, रूळ रुंद झाले म्हणून वेग आला. म्हणजे आपल्याकडे तर आणखी रुंद आहेत!

याचं उत्तर जपानच्या उत्तरेला, यामागाताच्या रस्त्यावर मिळतं. १९९२ मध्ये जपानने नेमकं काकांनी सुचवलेलं करून पाहिलं. फुकुशिमाहून यामागाताला जाणारी जुनी साडेतीन फुटी लाइन होती. नवी लाइन बांधायला पैसे नव्हते, म्हणून तिथले रूळच १४३५ मिलिमीटरवर सरकवले आणि शिनकानसेनची गाडी थेट जुन्या मार्गावर सोडली. मार्ग तोच : तीच वळणं, तीच फाटकं, तेच बोगदे.

या मार्गावरची त्सुबासा नावाची गाडी मी फुकुशिमात पकडली. जुन्या बोगद्यांत मावायला हवी म्हणून तिचे डबे नेहमीच्या शिनकानसेनपेक्षा अरुंद. त्यामुळे मोठ्या स्टेशनात दार आणि प्लॅटफॉर्म यांच्यात चांगलीच फट राहते. दार उघडायच्या सुमारास उंबऱ्याखालून एक धातूची फळी खट्कन बाहेर पडते आणि फटीवर आडवी बसते. लोक तिच्यावर पाय देऊन चढतात, आणि गाडी निघताना ती पुन्हा मिटते. एवढ्याशा फळीत जपानच्या दोन रेल्वेंमधलं अंतर मावलंय.

फुकुशिमापर्यंत ही गाडी नव्या मार्गावर ताशी ३०० ने आलेली असते. तिथून पुढे जुन्या मार्गावर जास्तीत जास्त १३०. गाडी तीच. मोटरी त्याच. नाकही तेच.

असं का? कारण जुन्या मार्गावर फाटकं आहेत. जपानच्या जुन्या लाइनींवर वर्षानुवर्षं नियम असा होता की आणीबाणीचा ब्रेक मारल्यावर गाडी ६०० मीटरच्या आत थांबलीच पाहिजे. फाटकात अडकलेली मोटार किंवा माणूस दिसला तर तेवढ्यात थांबता यावं म्हणून. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार धरत नाही. १३० च्या वर गेलं की ६०० मीटरचा हिशोब जमत नाही. शिनकानसेनवर हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे मुळात एकही फाटक नाही.

म्हणजे वेग गाडीत नाही, मार्गात आहे. वळणं मोठी (पहिल्या शिनकानसेनवर अडीच किलोमीटर त्रिज्येची), फाटक नाही, मालगाडी नाही, पॅसेंजर गाडी नाही. मालगाडीची वाटणी झाली की काय होतं हे उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाला जाणाऱ्या सेइकान बोगद्यात दिसतं. समुद्राखालच्या या ५४ किलोमीटरच्या बोगद्यात तीन रूळ आहेत : एक दोघांचा सामाईक, एक अरुंद मालगाडीसाठी, एक शिनकानसेनसाठी. तिथे २०१६ मध्ये बुलेट ट्रेन सुरू झाली ती ताशी १४० ने. समोरून येणाऱ्या मालगाडीवरच्या कंटेनरना हवेचा झोत बसेल ही भीती. बुलेट ट्रेन, आणि वेग आपल्या राजधानी एक्सप्रेसच्या जवळपास!

साठ वर्षांत शिनकानसेन रुळावरून घसरून किंवा टक्कर होऊन एकही प्रवासी दगावला नाही, त्याचं मोठं श्रेयही या सोवळ्यालाच आहे. २००४ मध्ये निइगाताच्या भूकंपात एक धावती गाडी घसरली, तरीही आतले सगळे वाचले.

## मग आपण ब्रॉडगेजवरच नवा मार्ग का नाही बांधत?

मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा आहे, म्हणजे तोक्यो-ओसाकाच्या ५१५ च्या जवळ जाणारा. तो स्टँडर्ड गेजवर होतोय. वेगळा मार्ग हवा हे आता पटलं असेल, पण गेज तरी आपलं का नाही?

रुंद गेजवर वेगात जाता येत नाही असं नाही. पण शिनकानसेनची चाकं, ती बसवलेला सांगाडा, सांधे, सिग्नल, सगळं एकमेकांशी जुळवत सहा दशकं घडवलेलं आहे. तयार शर्ट आपल्या मापाचा नाही म्हणून कापड, शिंपी आणि बटणं नव्याने शोधायची, त्यातली ही गोष्ट.

मात्र हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. वेगळ्या गेजची किंमत असते आणि ती जपानला चांगली माहीत आहे. फ्रान्सची वेगवान गाडी नव्या मार्गावरून येते आणि शहराजवळ जुन्या रुळांवर उतरून मधल्या स्टेशनात शिरते, कारण गेज एकच. जपानला हे जमत नाही. धावता धावता चाकांमधलं अंतर बदलणारी गाडी बनवायचा प्रयत्न त्यांनी वीस वर्षं केला. आस झिजायला लागले, आणि नागासाकीच्या मार्गासाठी तिचा नाद सोडावा लागला. परिणामी २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेली नागासाकीची शिनकानसेन ६६ किलोमीटरचं बेट आहे. ती दुसऱ्या कुठल्याही शिनकानसेनला जोडलेली नाही. ताकेओ-ओनसेन स्टेशनात लोक जुन्या गाडीतून उतरतात, त्याच प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या नव्या गाडीत बसतात. १५० वर्षं झाली, साडेतीन फूट अजून नडतायत.

आपली बुलेट ट्रेनही वांद्रे-कुर्ला संकुलाहून सुटली की तिच्याच रुळांवर राहणार. उद्या तिला नाशिक किंवा नागपूरला न्यायची तर पहिल्या मीटरपासून नवी लाइन. हे मान्य करून बांधावी, एवढंच माझं म्हणणं.

## आणि जुन्या चाकोरीचं काय झालं?

शेजारून नवा मार्ग आला की जुना ओस पडतो. नव्या शिनकानसेनला जोडून धावणाऱ्या जुन्या लाइनी बऱ्याचदा मोठी कंपनी सोडून देते आणि जिल्हा-प्रांताच्या भागीदारीतल्या छोट्या कंपन्या त्या कशाबशा चालवतात. काही बंदच होतात. जपानी रेल्वेप्रेम म्हटलं की आपल्याला चकाचक संग्रहालयं दिसतात, आणि ती आहेतही. क्योतोच्या उमेकोजीला १९१४ ची इंजिनशेड आहे, मधल्या फिरत्या चकतीभोवती पंख्यासारखी मांडलेली वीस इंजिनांची घरं. ओइगावा नावाच्या छोट्या रेल्वेने १९७६ मध्ये, म्हणजे राष्ट्रीय रेल्वेची शेवटची वाफेची प्रवासी गाडी धावल्यानंतर वर्षभराच्या आतच, वाफेची गाडी पुन्हा सुरू केली. ‘डॉक्टर येलो’ ही रूळ तपासणारी पिवळी गाडी दिसली की दिवस चांगला जातो असं तिथली पोरं मानतात. तिच्यातली एक जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाली तेव्हा प्लॅटफॉर्मवर मोठी माणसं डोळे पुसत होती. पण ज्या रुळांवर ही सगळी कहाणी घडली, ते रूळ टिकवणं संग्रहालयापेक्षा अवघड आहे.

उसुई घाट बघा. योकोकावा ते कारुइझावा, ११ किलोमीटर. १८९३ मध्ये इथे रूळ चढवले तेव्हा चढ इतका तीव्र की रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी बसवून इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकवावं लागलं. १५ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आपला बोरघाट ३७ ला १ आहे, आणि तिथेही कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. १९६३ पासून दात्यांऐवजी ईएफ-६३ नावाची दोन जडशीळ इंजिनं योकोकावाला मागून लागायची. ती लागेपर्यंत गाडी थांबायची आणि त्या काही मिनिटांत प्लॅटफॉर्मवर डबेवाले धावायचे. कर्जतचा वडा जसा बँकरमुळे प्रसिद्ध झाला, तसा योकोकावाचा कामामेशी हा भाताचा डबा. विक्रेते गाडी सुटताना ओळीने उभे राहून वाकून नमस्कार करत.

१९९७ च्या ३० सप्टेंबरला शेवटची गाडी घाट चढली. दुसऱ्या दिवसापासून शिनकानसेन डोंगराखालून गेली. आता योकोकावाला रूळ संपतात. मी गेलो तेव्हा लोकलमधून आम्ही पाचजण उतरलो. जुन्या मार्गावर पायवाट केलीय. विटांच्या चार कमानींचा पूल झाडांतून एकदम समोर येतो, आणि बोगद्यांत दिवे लावलेले आहेत. शेडच्या जागी उद्यान आहे, तिथे एक दिवसाचं शिक्षण घेऊन परीक्षा दिली की खरं ईएफ-६३ चालवता येतं. पैसे भरून. माझ्याकडे तेवढे दिवसही नव्हते आणि जपानीही.

कामामेशी मात्र घेतला. तो माशिको गावच्या कुंभारी बोळक्यात मिळतो, वर खाली तपकिरी, मध्ये फिकट. कागद सोडला, झाकण उचललं : भातावर कोंबडी, बांबूचे कोंब, मशरूम, एक चेस्टनट, लावरीचं अंडं आणि कोपऱ्यात चक्क एक जर्दाळू. १९५८ पासून हाच बेत. भात संपला तरी बोळकं टाकवेना. वजन चांगलंच. बॅगेत मोज्यांत गुंडाळून आणलं.

आता आमच्याकडे त्यात दही लागतं. काका आले की बायको त्यांना त्यातलंच वाढते, आणि ते दर वेळी विचारतात, हे मडकं एवढं जड का रे?